जास्तीची एक भाकर

गच्च्यांवर मिरच्या पडल्या की उपासकाळ आला हे मला कॅलेंडर न बघता कळतं. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात आणि तिथून ईस्टरपर्यंत आमचे चाळीस दिवस उपासाचे. नेमक्या त्याच दिवसांत गावठाणातल्या बायका जुन्या चादरी अंथरून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घालतात. मग महिनाभर अख्खी आळी शिंकत असते. वरून विमानं जातात, इतक्या खालून की बोलणारा माणूस आपोआप थांबतो आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे बोलायला लागतो. पलीकडे मेट्रोचे खांब, अलीकडे नवीन टॉवर, आणि मधे अंधेरीचं हे आमचं उरलंसुरलं गावठाण. बाहेरची मुलं येऊन त्या लाल गच्च्यांचे फोटो काढतात. मला त्या नुसत्या बघूनच दमायला होतं.

यंदा मी मिरच्या घातल्याच नाहीत. सहासष्ट संपली, गुडघे ऐकत नाहीत, आणि एकटीला मसाला लागतो तरी किती. पण वासाला कोण अडवणार? शेजारणीने मिरच्या भाजायला घेतल्या की तो खिडकी बंद असली तरी आत येतो, नाकातून डोळ्यांत जातो, आणि त्याच्यामागून तो एक उपासकाळ येतो. आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी काही मुद्दाम आठवत बसत नाही, मला तेवढी हौस नाही. तो आपला येतो आणि पलंगाच्या कडेला बसून राहतो.

त्यात नव्या फादरांनी परवा मला गाठलं. म्हणाले, आंटी, रविवारी आजाऱ्यांच्या घरी जायला या वर्षी सहाजण नवीन आहेत, त्यांना तुमचा अनुभव सांगा. मी हो म्हटलं, कारण फादरांना नाही म्हणायची सवय आम्हाला लहानपणापासून कुणी लावलीच नाही. घरी आले आणि डोक्याला हात लावून बसले. काय सांगणार, कप्पाळ.

काम काय ते सांगते. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. देवळात मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, चालू असताना वेदीवर जी पातळ पांढरी भाकर अर्पण होते, ती त्यानंतर नुसती भाकर राहत नाही, तिच्यात ख्रिस्त स्वतः हजर असतो, ही आमची श्रद्धा. आठवण म्हणून नाही, खूण म्हणून नाही. हजर. ज्यांना देवळात येता येत नाही, जे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या घरी रविवारी ती भाकर न्यायची. नाण्यापेक्षा जरा मोठी अशी पितळेची चपटी डबी असते, ती कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची. आणि नियम एकच, पण कडक. डबी भरलेली असेल तोवर वाटेत थांबायचं नाही, भाजी घ्यायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. देव बरोबर असताना दुसऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत, इतकी साधी गोष्ट.

आता अंधेरीत न बोलता चालून दाखवा. रिक्षावाल्याला पत्ता सांगता यायचा नाही म्हणून मी चिठ्ठ्या लिहून ठेवायचे. एका रिक्षावाल्याला वाटलं बाई मुकी आहे, त्याने रस्ताभर हातवारे करून माझ्याशी सुखदुःखाच्या गोष्टी केल्या. आळीतल्या एका बाईने तर माझ्याशी चार महिने अबोला धरला, कारण रविवारी ती समोरून हसली आणि मी खाली मान घालून निघून गेले. तिला समजावायला मला सोमवारी वेगळं जावं लागलं.

माझ्याकडे चार घरं होती. शेवटचं घर साबीना मावशीचं. नव्वदीची म्हातारी, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एका सुनेच्या हवाली. माझ्या चपलांचा आवाज तिला जिन्यावरच ओळखू यायचा. दार उघडायच्या आत आतून विचारायची, "देव आला का गं?" मी म्हणायचे, आला मावशी. मग ती चाचपडत डोक्यावर पदर घ्यायची, तोंड उघडायची, आणि भाकर जिभेवर ठेवली की तिच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल पडायच्या. आठवडाभर सून धड बोलत नाही, हे ती कधी तरी सांगायची, पण तक्रार म्हणून नाही. तिला कुणीतरी भेटून गेलेलं असायचं. मी समोर उभी राहून बघायचे आणि मला तिचा हेवा वाटायचा. खरंच सांगते, जळायचे मी त्या आंधळ्या म्हातारीवर.

कारण मला कुणी भेटत नव्हतं. माझा नवरा विल्फ्रेड, आम्ही सगळे विल्फीच म्हणायचो, आदल्या वर्षी ईस्टरनंतर महिनाभरातच पॅरालिसिसने पडला होता. उजवी बाजू गेली, वाचा अर्धी गेली. साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर होता तो, पण गावठाणात त्याला कुणी फिटर म्हणून ओळखत नव्हतं. देवळात त्याचा आवाज होता. गायकवर्गात मागच्या रांगेत उभा राहायचा, आणि तो एकटा आला नाही तरी मिस्सा रिकामी वाटायची, असं लोक म्हणायचे. लग्नाच्या वरातीत घुमट वाजवायचा तो वेगळाच. असा माणूस पाणी मागायला गेला तरी तोंडातून नुसता घरघराट यायचा. बोलणं पुढे थोडं सुधारलं, तुटक शब्द जुळवायला लागला. गाणं आलं नाही.

हॉस्पिटलात सतरा दिवस मी त्याच्या उशाशी बसून माळ ओढली. देव आपल्याबरोबर आहे, देव आपल्याला सोडत नाही, हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं वाक्य मी तिथे इतक्यांदा म्हटलं की त्याचा अर्थच उडाला. सतरा दिवसांत मला एकदाही वाटलं नाही की खोलीत तिसरं कुणी आहे. मशीनचा आवाज होता, नर्स होत्या, फिनेलचा वास होता. घरी आणलं तरी तेच. आमचा मुलगा दुबईत, फोन करायचा बिचारा, पण फोनवरून माणूस कूस बदलत नाही. विल्फीला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, दर दोन तासांनी वळवायचं. अकरा महिन्यांत माझी कंबर गेली, झोप गेली, आणि देवाशी बोलायची इच्छाही गेली. भांडण नव्हतं काही. भांडायलाही ताकद लागते.

तरी रविवारी डबी गळ्यात घालून निघायचेच. लोकांना वाटतं, जी बाई देव घेऊन फिरते तिची श्रद्धा केवढी मोठी असेल. अहो, पोस्टमन पत्रं वाटतो, म्हणून ती त्याला आलेली असतात का? मी निघायचे कारण साबीना मावशी वाट बघायची, आणि खरं तर त्यातलं निम्मं कारण असं की दीड तास घरातून बाहेर पडायला मिळायचं. तेवढा वेळ आमच्या खालच्या सावंत वहिनी विल्फीजवळ बसायच्या. मालवणच्या, रविवारी सकाळी आपली देवपूजा उरकून वर यायच्या. मी दारात घुटमळले की म्हणायच्या, "तू जा गो, मी आसंय हय." हे त्या इतकं सहज म्हणायच्या, आणि मला त्या दिवसांत तेवढ्यानेही भरून यायचं.

विल्फी स्वतः कम्युनियन, म्हणजे ती भाकर, घेत नव्हता. आजारपणाआधी एक रविवार चुकला नाही त्याचा, आणि आता घरातच देव येतो तर हा नको म्हणतो. तेव्हाचे फादर येऊन समजावून गेले. त्याने भिंतीकडे तोंड केलं. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा त्याने फार कष्टाने शब्द जुळवून सांगितलं होतं, गळ्यात घालून गावभर नेतेस त्याला, इथे थांबतो का तो? मलाही तोच प्रश्न होता, फक्त माझं तोंड चालत होतं आणि त्याचं चालत नव्हतं.

पण मी सवयीने विचारत राहिले. मिस्सा संपली की फादर वेदीमागच्या पेटीतून अर्पण केलेल्या भाकरी काढताना विचारायचे, किती? मी सांगायचे, पाच. चार घरं आणि एक जास्तीची, विल्फीची. चार घरं करून घरी आले की दिवा लावायचे, हात धुवायचे, त्याच्या खाटेशी उभी राहून विचारायचे, "विल्फी, घेतोस का?" तो भिंतीकडे वळायचा. झालं. ती भाकर घरात ठेवता येत नाही, टाकणं तर पापच. मग परत न्यायची नाहीतर आपण घ्यायची. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती तोंडात टाकायचे, वर दोन घोट पाणी प्यायचे आणि कुकर लावायचे. चाळीस-पंचेचाळीस रविवार असं चाललं. विचारताना माझ्या आवाजातही काही उरलं नव्हतं, चहा घेतोस का विचारावं तसं विचारायचे.

झावळ्यांचा रविवार आला. ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी सगळे ताडामाडाच्या ओल्या झावळ्या हातात घेऊन देवळाभोवती मिरवणूक काढतात, लहान मुलं त्या झावळ्यांचे क्रूस विणतात, म्हाताऱ्या ते घरी नेऊन दाराच्या चौकटीला खोचतात. दर वर्षी त्या मिरवणुकीत पुढे विल्फी गायचा. मी मागून चालले होते. पहाटेपासून दोनदा चादर बदलून झाली होती, फ्रॉकची बाही अजून ओली वाटत होती, आणि एप्रिलचं ऊन असं की देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. माझ्या पुढच्या बाईच्या झावळीचं टोक सारखं माझ्या डोळ्यांत जात होतं. एवढ्यावरून मला रडू येईल असं वाटलं.

मिस्सा संपली. फादरांनी पेटी उघडली, माझी डबी हातात घेतली आणि विचारलं, किती?

मी म्हटलं, चार.

चुकून गेलं नाही ते. म्हणजे तोंडातून गेलं तेव्हा चुकूनच गेलं असेल, पण फादरांच्या हातातली डबी अजून उघडी होती, मला दुरुस्त करता आलं असतं. मी केलं नाही. चार भाकरी पडल्या, डबी बंद झाली, मी गळ्यात घातली आणि निघाले. आणि मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार हलकं वाटलं. आज विचारायचं नाही, आज ती भिंत बघायची नाही, आज ओट्याशी उभं राहून दुसऱ्याच्या वाटणीचा देव गिळायचा नाही. साबीना मावशीने आतून विचारलं तेव्हा मी नेहमीसारखं आला म्हटलं, तिला दिलं, जिना उतरले, आणि रिकामी डबी गळ्यात असल्यामुळे येताना कोथिंबीरसुद्धा घेतली.

घरी आले. सावंत वहिनी गेल्या. मी डबी ख्रिस्ताच्या फोटोखाली ठेवली, हात धुतले आणि सरळ तांदूळ धुवायला घेतले. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर मिरच्या परतायचं काम चालू होतं, खोकला येत होता. भात गॅसवर चढवला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. रेजी. तो मला रेजी म्हणायचा, पण आजारपणात ते नाव त्याने फारसं घेतलंच नव्हतं. नुसता हूं करायचा.

मी पळीसकट बाहेर आले. तो भिंतीकडे नव्हता, दाराकडे बघत होता.

"आज विचारलं नाहीस," तो म्हणाला.

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हटलं, काय विचारायचं त्यात, तू नाहीच म्हणतोस. त्याला शब्द गोळा करायला वेळ लागायचा, चेहरा वाकडा व्हायचा, मान ताणली जायची. मग म्हणाला, "आण."

मी तशीच उभी राहिले. पळीतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. पंचेचाळीस रविवार मी जी गोष्ट मागत होते ती समोर आली होती, आणि माझ्याकडे डबी रिकामी होती. वाट लागणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. खोटं सुचलं, नाही असं नाही. फादरांकडे कमी पडल्या म्हणावं, झावळ्यांच्या रविवारी गर्दी असते, त्याने विश्वास ठेवला असता. पण त्याचे डोळे इतके सरळ माझ्यावर होते की माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, "तुझ्यासाठी घेतलीच नाही, विल्फी. मी दमले रे."

तो रागावेल असं वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, थांब, जाते, फादर अजून असतील, पेटी उघडतील, धावत जाऊन आणते. पळी टेबलावर ठेवून चपला शोधायला लागले. त्याने डाव्या हाताने माझ्या फ्रॉकला धरलं. डाव्या हातात जोर होता त्याच्या, आता सगळं तिथेच आलं होतं.

"नको. बस."

बसले. आणि बसल्यावर लक्षात आलं की अकरा महिन्यांत मी त्या खाटेवर बसलेच नव्हते. वाकले होते, उभी राहिले होते, गुडघे टेकून पुसलं होतं. हॉस्पिटलात तरी स्टूल होतं. घरी आल्यापासून मी नुसती कामाला होते.

मग तो बोलला. आत्ता मी एका दमात लिहितेय, पण त्याला ते बोलायला पाच-दहा मिनिटं लागली असतील. मधे विमान गेलं, तो थांबला, परत सुरू झाला.

"तू विचारायचीस. मी नको म्हणायचो. परत रविवारी विचारायचीस. मला वाटायचं... सोडलं नाही मला. आज नाही विचारलंस. भीती वाटली गं."

मी रडले. तोंड दाबून वगैरे नाही, मोठ्याने रडले, सावंत वहिनी खालून वर आल्या आणि दारातूनच परत गेल्या. भात करपला. तो वास आणि बाहेरचा मिरचीचा वास एकत्र झाला, आम्ही दोघं खोकत बसलो, पण मी उठले नाही.

विल्फी त्याच पावसाळ्यात गेला. तेव्हापासून मी या गोष्टीचा खूप विचार केला आहे, आणि विचार करून शहाणी झाले असं काही नाही. मी देव नाही, मला माझी लायकी चांगली ठाऊक आहे. मी म्हणजे करवादलेली, झोप न झालेली, मनातून कधीच हरलेली बाई. पण माणसाने कितीही तोंड फिरवलं तरी देव त्याला सोडत नाही, हे प्रवचनात ऐकताना मला कायम काही तरी मोठं, उजेडबिजेड असलेलं डोळ्यांसमोर यायचं. नको म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी परत विचारणं, तेही मरगळलेल्या आवाजात, एवढंही त्यात असू शकतं हे मला सुचलं नव्हतं. मी शोधत होते खोलीतलं तिसरं माणूस. ते होतं की नाही, मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही. काही दिवस वाटतं होतं, काही दिवस अंगच इतकं दुखतं की काहीच वाटत नाही. पण माझं ते कोरडं विचारणं धरून कुणीतरी आठवडा काढत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या झावळ्यांच्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, विल्फीने दाढी करून मागितली. माझ्या हातून हनुवटीखाली जरा कापलं. तिथे तुरटी लावली, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, सावंत वहिनींना बोलावलं आणि देवळात गेले. फादर पवित्र आठवड्याच्या तयारीत होते, घामाने निथळत खुर्च्या मोजून घेत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, चार म्हटलं तेही. ते हात धुऊन आले, पेटीपुढे गुडघा टेकला, ती उघडली आणि नेहमीसारखं विचारलं, किती?

"एक," मी म्हटलं.

येताना वाटेत दोघीतिघींनी हाका मारल्या, कुणाला वाऱ्याने उडालेल्या मिरच्या गोळा करायला हात हवा होता. मी थांबले नाही. घरी दिवा लावला, हात धुतले, खाटेशी गेले. या वेळी बसूनच विचारलं, विल्फी, घेतोस का? त्याने मान हलवली आणि तोंड उघडलं. अख्खी भाकर त्याच्या घशातून उतरली नसती, ठसका लागला असता. म्हणून मी तिचे दोन तुकडे केले. अर्धा त्याच्या जिभेवर ठेवला, चमच्याने पाणी दिलं. त्याने डोळे मिटले. गळ्याची गाठ वर गेली, अडली, मी घाबरले, मग हळूहळू खाली आली.

उरलेला अर्धा माझ्या तळहातावर होता. सवयीने मी उठायला गेले, स्वयंपाकघराकडे. त्याने डोळे उघडले आणि डाव्या हाताने खाट थोपटली. मग मी तिथेच, त्याच्याशेजारी बसून तो घेतला. चव काही बदलली नव्हती, पिठाचीच होती, आणि टाळूला चिकटली ती नेहमीसारखीच. पण इतके रविवार मी त्याच्या वाटणीचं खात आले होते. हा अर्धा तुकडा माझा होता.